महिनाअखेर : बमरोलीतल्या बारा नोंदींची प्रस्तावना

सुरतेत हिशेबाला मान आहे. दिवाळीच्या संध्याकाळी लक्ष्मीसमोर लाल कापडी बांधणीचे चोपडे मांडतात, पहिल्या पानावर स्वस्तिक काढून शुभ-लाभ लिहितात आणि लाभपंचमीला त्याच चोपड्यात नव्या वर्षाचा पहिला व्यवहार चढवतात. रिंग रोडच्या कापड बाजारातला मोठा व्यापारी असो की आमच्या बमरोलीतला मोजके माग चालवणारा कारखानदार, सगळा कारभार संगणकावर गेला तरी पूजेसाठी एक चोपडा तो घेतोच. ही रीत मला मनापासून आवडते. हिशेबाची वही देवापुढे ठेवण्याइतकी मोलाची मानणारं हे शहर आहे. पण त्या वहीत घरातली एक बाजू कधीच चढत नाही : महिनाभरात घरात काय वाचलं गेलं, आणलेल्या वस्तूंपैकी कुठली खरंच सुखाची ठरली, आणि हाताला थोडी उसंत मिळाली तेव्हा माणसं काय करत बसली. पुढच्या पानांतल्या बारा नोंदी त्या बाजूच्या आहेत. चैत्र ते फाल्गुन, दर महिन्याच्या शेवटी एक.

नोंदींची रीत साधी आहे. एक अपवाद सोडला तर प्रत्येकीत वाचन, खरेदी आणि विरंगुळा या तिन्हींविषयी लिहिलंय. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेलं असलं तरच ते नोंदीत आलंय. उसनं आणलेलं, दुसऱ्यांदा वाचलेलं, कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलेलं, सगळं चालतं. अर्धं टाकलेलं चालत नाही. खरेदीचा नियम याहून कडक आहे. वस्तू ज्या महिन्यात घेतली त्या महिन्यात तिच्याबद्दल लिहायचं नाही, पुढचा महिनाभर वापरून मग लिहायचं. नवी वस्तू घरात आल्या दिवशी सगळ्यांनाच आवडते, तिचं खरं मोल महिन्याभराने कळतं. आवडत्या खरेदीच्या याद्या हल्ली सगळीकडे दिसतात, पण त्यातल्या बहुतेक वेष्टन उघडतानाच्या असतात. त्यांचा वाचणाऱ्याला फारसा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बमरोलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गावाचं नाव पुस्तकाच्या संदर्भात सहसा कुणी घेत नाही. सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसराच्या शेजारी ही वस्ती आहे. एकेकाळचं शेतीचं गाव आता महानगरपालिकेत आहे आणि गल्लोगल्ली यंत्रमाग आहेत. वर्तमानपत्रात बमरोलीचं नाव आलंच तर बहुधा पाण्यामुळे येतं. शहराचं सांडपाणी इथे शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना पुरवलं जातं. 2014 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 4 कोटी लिटरची आहे. रंगाई-छपाईच्या कारखान्यांना पाणी किती लागतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याची किंमत कळेल. माणसं मात्र लांबून लांबून आलेली : जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आम्ही खानदेशी मंडळी, ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातले मागवाले, उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं, आणि मुळचे सुरती. जिन्यात अहिराणी, ओडिया, भोजपुरी आणि गुजराती एकाच वेळी ऐकू येते, आणि त्या सगळ्यांखाली मागांचा आवाज सतत चालू असतो.

अशा वस्तीत महिना कधी संपतो, हा खरा प्रश्न आहे. आमचा आणि गुजराती शेजाऱ्यांचा महिना अमावास्येला संपतो, पण आमचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं आणि त्यांचं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिकात. वरच्या मजल्यावरच्या बलियाच्या भाभींचा महिना पौर्णिमेला पालटतो. त्यामुळे त्यांचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस लागतो. त्या सोमवार धरायला लागतात तेव्हा आमच्याकडे अजून आषाढच चालू असतो. सण मात्र त्याच दिवशी येतात, वाद होत नाहीत. समोरच्या ओडिया घरात जूनच्या मध्याला रज पर्व येतं, मुली झोपाळ्यावर बसतात आणि तांदूळ, गूळ, खोबऱ्याचा पोडा पिठा आमच्या घरी ताटलीतून येतो. आणि या सगळ्यांच्या वर पगाराचा महिना आहे, तो सगळ्यांचा एक. मी अमावास्या धरली, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे.

कालनिर्णयबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे ती केवळ पंचांगासाठी नाही. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये हे सुरू केलं. तेव्हापासून किती मराठी घरांत तारखेच्या चौकोनात दुधाचे लिटर, गॅसच्या टाकीची तारीख, वाणसामानाची उधारी, मुलाच्या लसीचा दिवस लिहिला गेला असेल! पानांच्या मागच्या बाजूला लेख आणि पाककृती. मला छापलेलं वाचायची सवय लागली ती त्या मागच्या बाजूंमुळे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पण भिंतीवर बारा पानं होती, आणि महिना संपल्यावर पान उलटताना आई मागचं वाचून मगच पुढे जायची. महिनाअखेर थांबून काहीतरी वाचायचं, हा पाठ तिथला.

या प्रकारच्या लेखनाला मराठीत चांगली परंपरा आहे, आणि ती नीट सांगितल्याशिवाय माझ्या नोंदी पुढे करणं बरोबर होणार नाही. सगळ्यात जवळचं नाव सतीश काळसेकरांचं. लोकवाङ्मय गृहाच्या ‘आपले वाङ्मय वृत्त’ या मासिकात त्यांनी आपल्या वाचनाविषयी जे लिहिलं त्याचं पुढे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ हे पुस्तक झालं आणि 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. काळसेकर स्वतः कवी, पण या पुस्तकात ते वाचक म्हणून उभे आहेत. कुठलं पुस्तक कुठे मिळालं, कुणी सुचवलं, त्यावरून दुसरं कुठलं आठवलं, हे सगळं ते मोकळेपणाने सांगतात. पुस्तक हातात येण्याचीसुद्धा एक हकिकत असते आणि ती लिहिण्याजोगी असते, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्याआधी ‘ललित’ होतंच. केशवराव कोठावळ्यांनी 1964 मध्ये काढलेलं हे मासिक म्हणजे दर महिन्याला मराठी पुस्तकांची खबरबात. त्यातलं जयवंत दळवींचं ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने लिहिलेलं सदर लोक आधी उघडून वाचत. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ही याच ओळीत ठेवायला हवं, जरी त्यांच्या वाचनाचा आवाका माझ्यासारखीला दिपवणारा असला तरी.

आणि दुर्गा भागवत. ‘ऋतुचक्र’ 1956 चं. त्यात पुस्तकं नाहीत, खरेदी तर नाहीच, पण महिन्यागणिक एक लेख ही चौकट मी तिथूनच घेतली. चैत्राचा महिना कसा दिसतो, हे त्या झाडाझुडपांवरून सांगतात. बमरोलीत झाडं थोडी. इथे चैत्र ओळखायचा तो गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्यांवरून. तरी महिना डोळे उघडे ठेवून पाहायचा असतो, ही शिस्त त्यांची.

सुरतेलाही वह्या लिहिणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि तिच्यात एक मराठी माणूस सुरुवातीपासून आहे, हे आमच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. मराठीचं पहिलं महत्त्वाचं व्याकरण 1836 मध्ये लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सोबत्यांबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद, विधवांचे हाल, भूतपिशाच्चं, मंत्रतंत्र यांवर भर सुरतेत उघड वाद घालणारी ती सभा. तिथे काय बोललं गेलं ते दुर्गाराम रोजनिशीत टिपून ठेवत. पुढे महीपतराम रूपरामांनी दुर्गारामांचं चरित्र लिहिलं, 1879 मध्ये, ते त्या रोजनिशीच्या आधाराने. म्हणजे वही होती म्हणून ती सभा आपल्यापर्यंत पोचली. दादोबांनीही आत्मचरित्र लिहून ठेवलं. त्यानंतर सुरतेच्याच आमलीरानचे गुजराती कवी नर्मद : 1866 मध्ये त्यांनी ‘मारी हकीकत’ लिहिली आणि ती सर्वसाधारण वाचकांच्या हाती पडली थेट 1933 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला. स्वतःच्या घरखर्चापासून मनातल्या भीतीपर्यंत सगळं सांगणारं ते पुस्तक मी आषाढात गुजरातीतून वाचलं, घोडदोड रोडच्या त्यांच्याच नावाच्या ग्रंथालयात बसून. आषाढाची नोंद त्यामुळे लांबली आहे आणि ती मी मुद्दाम छाटलेली नाही.

मराठी पुस्तकं सुरतेत मिळतात कुठून, असं मला महाराष्ट्रातले नातेवाईक विचारतात. याचं उत्तर रेल्वेत आहे. उधना स्टेशन आमच्यापासून जवळ. तिथून तापीच्या खोऱ्यातून जळगावला जाणारी लाइन हीच आमची पुस्तकांची वाट. या वाटेवरची स्टेशनं मी लहानपणापासून पाठ म्हणते, पण त्यांतली निम्मी स्टेशनं मराठी साहित्यातली आहेत हे समजायला पुष्कळ वर्षं गेली. बारडोलीनंतर व्यारा आणि सोनगड लागतात. हा मुलूख पूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता, आणि सयाजीरावांनी 1910 पासून उभी केलेली ग्रंथालयांची चळवळ याच संस्थानात झाली. अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालय काढलं आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली. पुस्तकाने वाचकाकडे जायचं, हा विचार शंभर वर्षांपूर्वी आमच्या शेजारी प्रत्यक्षात आलेला होता. मग नवापूर. या स्टेशनाचा एक भाग गुजरातेत, एक महाराष्ट्रात. फलाटावरचं बाकसुद्धा दोन्ही राज्यांत अर्धं अर्धं आहे, आणि आमच्या पोरांना त्यावर बसून फोटो काढल्याशिवाय चैन पडत नाही. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, आणि अमळनेर.

अमळनेरला मी उतरते तेव्हा साने गुरुजींची आठवण येतेच. प्रताप हायस्कूलमध्ये ते शिकवत आणि वसतिगृह सांभाळत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मला त्या हस्तलिखित दैनिकाचं जास्त अप्रूप आहे. एका वसतिगृहातल्या मुलांनी वाचावं एवढ्यासाठी एक माणूस रोज लिहायला बसत होता. छापलं जाईल, दूर जाईल, असा कुठलाही हेतू नव्हता. माझ्या नोंदीही आधी हातानेच लिहिल्या गेल्या आणि जिन्यातल्या चार-पाच घरांत फिरल्या. अमळनेरहून पुढे धरणगाव, जिथे 1890 मध्ये बालकवी जन्मले, आणि जळगाव, जिथे 1907 च्या कविसंमेलनात त्यांना ते नाव मिळालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच लाइनीच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेत, काँग्रेसचं अधिवेशन उधळलं आणि जहाल-मवाळ वेगळे झाले. जळगावच्या पलीकडे भादली. 1918 मध्ये बालकवींचा मृत्यू तिथेच, रेल्वेखाली सापडून झाला. वय अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं. आसोदे जळगावच्या अगदी लगत, ते कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. या सगळ्या गावांना जाणारं तिकीट उधन्याच्या खिडकीवर मिळतं.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, डॉ. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. अमळनेरला ते दुसऱ्यांदा येत होतं. आधीचं 1952 चं. सुरतेतून आम्ही बायका गाडीने गेलो. भाषणं थोडी ऐकली, ग्रंथदालनात मात्र पाय दुखेपर्यंत फिरलो. पिशव्या भरून आणलेली ती पुस्तकं या वहीतल्या निम्म्याअधिक वाचनाला पुरली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’, आणि बहिणाबाईंची गाणी, घरात एक जुनी जीर्ण प्रत असतानाही पुन्हा. ती जुनी प्रत आता उघडली की पानं सुटतात.

‘स्मृतिचित्रे’ ज्या रीतीने वाचली गेली ती इथे जरा तपशिलात सांगते, कारण या वहीतला सगळ्यात मोठा विरंगुळा तोच. आमच्याकडे दुपारी बायका घरी साडीचं काम घेऊन बसतात. धागे कापायचे, लेस लावायची, नाहीतर पदरावर स्टोन चिकटवायचे. मोबदला नगावर. जमिनीवर साडी पसरलेली, एका वाटीत गोंद, एका ताटलीत स्टोन. काडीचं टोक गोंदात बुडवून ठिपका द्यायचा, त्याच काडीने स्टोन उचलून ठिपक्यावर बसवायचा आणि बोटाने अलगद दाबायचा. जोरात दाबला तर गोंद बाजूने बाहेर येतो आणि कापडावर डाग पडतो. डोळे आणि हात कामात, कान रिकामे. त्या रिकाम्या कानांसाठी एकीने वाचायचं ठरलं. जी वाचेल तिच्या वाटची साडी बाकीच्यांनी मिळून पुरी करायची, म्हणजे तिची मजुरी बुडत नाही. ही व्यवस्था माझ्या वहिनीने बसवली आणि ती बसवल्याशिवाय हे वाचन आठवडाभरही टिकलं नसतं. लक्ष्मीबाईंचं पुस्तक मोठ्याने वाचायला फार चांगलं. त्यांची वाक्यं बोलण्यातली आहेत, श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं. त्यांच्या नवऱ्याने, टिळकांनी, धर्मांतर केल्यावरचा तो भाग आला तेव्हा काड्या थांबल्या, आणि नवरा न सांगता निघून गेलेल्या एका मावशीने तो भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावला. बलियाच्या भाभींना मराठी पुरतं येत नाही, तरी त्या बसायच्या. त्यांच्या कानात कुणीतरी हिंदीत पुटपुटत राहायचं. मागांचा आवाज खिडकीतून येतच असतो, त्यामुळे वाचणारीला आवाज चढवावा लागतो आणि एका बैठकीत फार पानं होत नाहीत. पुस्तक संपायला पावसाळा गेला. त्या वाचनाबद्दल मी विरंगुळा म्हणून तीन महिन्यांच्या नोंदींत लिहिलंय आणि ते जास्त झालंय असं मला वाटत नाही.

खरेदीत कापड येणारच, सुरत आहे. पण साड्यांची यादी देण्यात मला रस नाही. या वर्षातली माझी सगळ्यात आवडती खरेदी म्हणजे वजनावर घेतलेले सुती तुकडे. सुरतेचं कापड बहुतेक सिंथेटिक, त्याचे तुकडे स्वस्त आणि मुबलक. पण गोधडीला ते चालत नाहीत, घसरतात, टाका धरत नाहीत आणि अंगाला गरम होतात. सुती तुकडा शोधावा लागतो. ते मिळाल्यावर आईची दोन जुनी लुगडी आत घालून मार्गशीर्षात गोधडी घालायला घेतली. जमिनीवर आधी खालचं कापड ताणून अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, काय मिळेल ते वजन ठेवायचं. त्यावर लुगड्याचे थर एकही सुरकुती न ठेवता पसरायचे, वर तुकडे जुळवायचे. मग कडेपासून धावदोरा घालत आत यायचं, चौकोनात चौकोन. मधूनच सुरुवात केली तर कापड एका बाजूला गोळा होतं आणि कडा वाकड्या येतात. सुईला दोरा जाड हवा आणि टाका हाताच्या पेराएवढा, त्याहून मोठा घेतला तर पहिल्या धुण्यात उसवतो. हे सगळं सासूबाईंनी शेजारी बसून करवून घेतलं. संध्याकाळी दोन बाजूंनी दोघी शिवत बसलो की त्या आपल्या गावच्या गोष्टी अहिराणीतून सांगायच्या, ज्या त्या एरवी कधीच सांगत नाहीत. विकत आणलेल्या रजया आमच्याकडे आहेत. पौषात सगळ्यांनी ओढाताण केली ती या गोधडीवरून.

पौषाबद्दल बोलतेय तर पोंक आलाच. थंडीत सुरतेच्या आसपासच्या ज्वारीची कोवळी कणसं गरम राखेत भाजून, बडवून, दाणे मोकळे करतात. अडाजणच्या बाजूला त्याची दुकानं लागतात. हिरवा गरम पोंक, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव, सोबत पोंकवडे. आमच्या वडिलांना शेतातला हुरडा आठवायचा आणि ते पोंक खाताना गावाकडच्या वावराचं वर्णन करायचे. खाण्याचंच निघालंय तर आश्विनात एक जोडसणही आहे. कोजागरीला आम्ही मसाला दूध आटवतो आणि दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला सगळं सुरत घारी खातं, तुपात न्हालेली, आत मावा-पिस्त्याचं सारण. दोन्ही केल्यावर तिसऱ्या दिवशी फक्त मुगाची खिचडी. श्रावणात आम्हा खानदेशी घरांत कानबाई देवीचे रोट असतात, पण ते भाऊबंदांनीच खायचे असतात म्हणून त्यांच्याविषयी मी मोजकंच लिहिलंय.

दिवाळीचा महिना वेगळा काढून सांगायला हवा. त्या दिवसांत यंत्रमाग काही दिवस बंद होतात, कामगार गावी जातात, आणि बमरोलीत एरवी कधीच नसते ती शांतता येते. पहिल्या रात्री झोप लागत नाही इतकी ती अनोळखी असते. त्या शांततेत दिवाळी अंक वाचायचे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 मध्ये काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर अंक लागतो. जळगावहून येणाऱ्या कुणाकडून तरी आम्ही ते मागवतो, एक अंक एका घरी आठवडाभर. एरवी वाचन म्हणजे आवाज चढवून केलेलं. या दिवसांत प्रत्येकजण आपापलं, मनात वाचतो. कार्तिकाच्या नोंदीत सगळ्यात जास्त नावं आहेत ती या कारणाने.

एक आक्षेप मला आधीच ऐकवला गेलाय आणि तो आदराने घ्यायला हवा. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्यांच्या वस्तीत सुखाच्या याद्या कशाला, असं एका शिक्षकांनी विचारलं. ते स्वतः महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात, त्यांना आमची घरं आतून माहीत आहेत. मला वाटतं, याद्या याच वस्तीत व्हायला हव्यात. कामगाराबद्दल जे लिहिलं जातं त्यात त्याची मजुरी असते, पाळी असते, आजार असतो, अपघात असतो. हे सगळं लिहिलं गेलंच पाहिजे. पण त्यातून अशी समजूत होते की या माणसांना आवडनिवड नाही. माझ्या वडिलांना आवडनिवड होती. ते मागावर उभे राहून थकून यायचे आणि रात्री जुन्या ‘किशोर’चे अंक चाळायचे, मुलांसाठी आणलेले, पण वाचायचे ते स्वतः. कुठला अंक आवडला हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही, म्हणून आज मला ते सांगता येत नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांनी जी गाणी रचली ती घरातल्यांनी टिपून ठेवली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, म्हणून 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. टिपणारं कुणी नसतं तर त्यांच्याबद्दल एवढंच उरलं असतं की आसोद्याची एक बाई होती, तरुणपणी विधवा झाली आणि तिने शेतात कष्ट केले. ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

नोंदी कशा वाचाव्यात याबद्दल थोडं. सलग वाचल्या नाहीत तरी चालेल; जो महिना चालू असेल तो उघडावा. वस्तूंच्या किमती त्या त्या महिन्याच्या आहेत, त्या बदलल्या असतील. पुस्तकांच्या नावापुढे कंसात ‘उ’ असेल तर ते उसनं आणलेलं, ‘मो’ असेल तर मोठ्याने वाचलेलं. ज्येष्ठाची नोंद फार लहान आहे : त्या महिन्यात घरात लग्न होतं आणि एकही पुस्तक पुरं झालं नाही. ती तशीच ठेवली.

 आक्षेप घेणाऱ्या त्या शिक्षकांनीच छापण्यापूर्वी सगळ्या नोंदी वाचल्या आणि शुद्धलेखन तपासून दिलं. फाल्गुनात मी ‘कोसला’ पुन्हा वाचायला घेतली होती. तिचा नायक, सांगवीचा पांडुरंग, अजून पुण्याच्या वसतिगृहातच आहे, पुस्तक निम्मं झालंय. नियमाप्रमाणे ती या वहीत मोजलेली नाही. पुढच्या वहीत, चैत्राच्या नोंदीत चढेल.

बमरोली, सुरत
गुढीपाडवा